मचूळ

कपाट सरकवायचं तसं काही कारण नव्हतं. सत्यशीलाला दर उन्हाळ्यात एकदा सगळं घर हलवून बघायची खोड होती आणि या रविवारी तिची नजर आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर गेली, एवढंच. “अहो, जरा हात लावा,” ती म्हणाली. सुदर्शननं हात लावला, कपाट कुरकुरत हातभर पुढं आलं आणि मागची भिंत उघडी पडली. फरशीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ती पांढरी झाली होती. रंग पांढरा नव्हे, रंग पिस्ता होता, लेकीनं, सायलीनं, हट्टानं निवडलेला. तो पिस्ता फुगून, पापुद्रे सुटून खाली गळला होता आणि त्याच्या आतून पांढरं पीठ बाहेर आलं होतं, मऊ आणि हलकं. “अगं बाई, लोणा लागला की!” म्हणत सत्यशीलानं कपाळावर हात मारला आणि बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. सुदर्शन मात्र उकिडवा बसला. त्यानं भिंतीला बोट लावलं, बोटाला पीठ आलं, आणि का ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण ते बोट त्यानं जिभेवर टेकवलं. “शी! काय करताय? लहान आहात का?” सत्यशीला ओरडली. खारट लागलं, मागाहून थोडं कडू, आणि मग जीभ नुसतीच ओढल्यासारखी झाली. ही चव त्याच्या ओळखीची होती. महिन्याभरापूर्वी दौलताबादच्या पलीकडं, गावाकडच्या थोरल्या वावरात त्यानं असंच पांढरं बोटावर घेतलं होतं आणि वडील, आप्पा, बघत नाहीत असं पाहून चाटलं होतं. म्हणजे ते इथवर आलं, असं काहीतरी खुळ्यासारखं त्याच्या मनात आलं.

तसं घाबरण्यासारखं काही नाही, हे त्यालाही कळत होतं. भिंतीपलीकडं बाथरूम, बाथरूमला बिल्डिंगच्या बोअरचं पाणी, कुठंतरी पाईप पाझरत असणार, झालं. पुंडलिकनगरात नळाला पाणी यायचं ते कळवून नाही आणि थांबून नाही, त्यामुळं सगळा कारभार बोअरवर. त्या बोअरला या घरात रोज शिव्या बसायच्या. सत्यशीलाचे केस गळाले की बोअर, डाळ शिजली नाही की बोअर, नळाच्या तोंडाला पांढरा दगड जमला की बोअर. “काय ते पाणी, आंघोळ केली तरी अंग चिकटच,” असं सायली सहज म्हणून जायची आणि प्रत्येक वेळी सुदर्शन दचकायचा. इतकी वर्षं शहरात काढून, वाळूजच्या कंपनीत डोक्याचे केस पांढरे करूनही ही एक गोष्ट त्याच्या अंगातून गेली नव्हती. त्याच्या गावाकडच्या घरात पाण्याला नावं ठेवायची नसत. तसा नियमच होता. बहात्तरच्या दुष्काळात ऐन तारुण्यात आप्पांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, आणि त्या कामावर टँकरच्या तळाचं गढूळ पाणी ओंजळीत घेऊन आधी कपाळाला लावायचं आणि मग प्यायचं, अशी सवय त्यांना लागली ती कायमची. एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत पोरगा असलेला सुदर्शन म्हणाला होता, “पाणी गरम हाय.” आप्पांनी भर पंगतीत त्याच्या थोबाडीत दिली. एरवी त्यांचा हात कधी उठायचा नाही. “अन्नाला एक वेळ म्हण,” ते म्हणाले होते, “पाण्याला नाय म्हणायचं. ऐकतंय ते.” अजूनही ग्लासातलं पाणी संपवता आलं नाही तर सुदर्शन ते ओतायचा नाही, कुंडीत घालायचा. सत्यशीला हसायची. हसू दे बापडी. ती नाथसागर धरणाच्या काठच्या गावातली, तिला काय कळणार.

नोकरी पक्की झाल्यावर सुदर्शननं सगळ्यात आधी जे केलं ते बोअर. लग्न नंतर, घर नंतर. गावात तोवर ज्यांनी ज्यांनी पाडले होते त्यांना नुसता फुफाटाच लागला होता, त्यामुळं बोअरची गाडी आली तेव्हा निम्मा गाव तमाशा बघायला बांधावर. दिवसभर राखेसारखी भुकटी उडत होती. आप्पा सकाळपासून उपाशी, कुणाशी बोलेनात. दिवस कलायला आला तशी भुकटी ओली झाली, मग चिखल आला, आणि मग जे उसळलं! माणसापेक्षा उंच. पोरं नाचली, आप्पा नव्या धोतरासकट त्याच्याखाली जाऊन उभे राहिले आणि लहान लेकरासारखे रडले. एवढा आनंद सुदर्शननं आयुष्यात पुन्हा कुणाला दिला नव्हता. आणि त्याच गडबडीत आई, सारजाबाई, पदर खोचून पुढं आली, डोक्यावर हंडे वाहून वाहून टाळूवरचे केस गेलेली आई. तिनं ओंजळ धरली, एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि साधं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली, “मचूळ हाय रं.” “सारजे!” आप्पा ओरडले. बस, तेवढंच. आईनं पदर तोंडाला लावला आणि नंतर मरेपर्यंत, म्हणजे पुढची दोन-एक वर्षं, त्या पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आप्पांनी पेढे वाटले आणि पाण्याचं नावच ठेवलं: सुदर्शनचं पाणी. पाहुणा कुणीही येवो, तलाठी येवो की सोयरा, चहाच्या आधी त्याच्या हातात तांब्या द्यायचा आणि समोर उभं राहून विचारायचं, “कसं हाय?” पाहुण्यानं म्हणायचं, “गोड हाय.” मग आप्पा म्हणायचे, “माझ्या लेकाचं हाय.” दुसरं कौतुक त्यांनी लेकाचं कधी केलं नाही, समोर तर नाहीच.

पाणी आलं आणि खरंच दैव उघडलं, खोटं कशाला बोलायचं. थोरल्या वावरात अद्रक लागली, मग कांदा, मग परत अद्रक. पुंडलिकनगरचा हा फ्लॅट अद्रकीचाच, सुदर्शनच्या पगारात असलं घर कुठून होणार. ही भिंत, हे कपाट, सायलीचा पिस्ता रंग, सगळं त्या मातीतून उपसून इथं आणलेलं. लाईट आहे तोवर मोटर चालू, हा आप्पांचा हिशोब. जन्मभर तहानलेला माणूस, त्याच्या हाताखाली पाणी आल्यावर तो ते कसं बंद करणार? ‘बास’ हा शब्द पाण्यासाठी कुणी त्यांना शिकवलाच नव्हता. पाणी दांडातून, मातीच्या पाटातून जाऊन वावरात तुंबलेलं दिसलं की त्यांना झोप गोड लागायची. आणि त्या सुखात एक गोष्ट बंद झाली, जिच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी उन्हाळ्यात वावर मोकळं पडलं की सांडू धनगर आणि त्याची बायको कडूबाई मेंढरं घेऊन यायचे. संध्याकाळी वावरात वाघर, म्हणजे दोरीची जाळी, लावायची, आत मेंढरं बसवायची, रोज जागा बदलायची. पंधरा-वीस दिवसांत सगळं वावर लेंड्यांनी काळंशार होऊन जायचं. सुदर्शन लहानपणी आप्पांबरोबर बांधावर निजायचा, मेंढरांचा रवंथ ऐकत, त्या उग्र उबदार वासात. जाताना आप्पा सांडूच्या पोत्यात जोंधळे ओतायचे, कडूबाईला लुगडं. पाणी आल्यावर मोकळं वावर म्हणून काही राहिलंच नाही. त्या वर्षी सांडू बांधावर येऊन उभा राहिला, “आप्पा, औंदा?” आणि आप्पा अभिमानानं म्हणाले, “औंदा रान हिरवं हाय, सांडू.” दुसऱ्या वर्षी परत तेच. नंतर तो विचारायला आला नाही.

आधी मोटरीजवळचा एक तुकडा चकाकायला लागला. ओला असला की साबणासारखा निसरडा, वाळला की असा टणक की नांगराचा फाळ वरून घसरत जाई. पाणी दिलं तर मुरायचं नाही, वरच तळं होऊन राहायचं. अद्रकीचे गड्डे आत सडले. आप्पा म्हणाले, रान तहानलंय, आणि जास्त पाणी दिलं. मग तो तुकडा पसरत पसरत बांधाला भिडला, आणि यंदाच्या उन्हाळ्यात, पाणी आटलं की मागं पांढरं उरायला लागलं. सुदर्शननं एक दिवस आप्पांच्या नकळत दुधाच्या पिशवीत माती भरली आणि शहरात माती तपासतात तिथं नेली. तिथं सोनिया नावाची एक तरुण मुलगी होती, सायलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं काचेच्या बाटलीत थोडी माती घातली, वर चांगलं पाणी ओतलं, हलवली आणि त्याच्यासमोर ठेवली. शेजारी दुसऱ्या कुणाच्या मातीची तशीच बाटली होती, तिच्यात माती खाली बसून वर पाणी निवळलेलं. सुदर्शनची बाटली तांबूस गढूळच. “निवळेल ना?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “नाही काका. तेच तर दुखणं आहे. मातीचे कण एकमेकांना धरून असतात, त्यांच्यातून हवा जाते, पाणी मुरतं. तुमच्या कणांनी एकमेकांना सोडलंय. पाणी विहिरीचं की बोअरचं?” त्यानं सांगितलं. “खारं असणार. बोअरमधून आलेला खार मातीत साठत गेला. जमीन चोपण झाली आहे.” त्यावर इलाज काय, हेही तिनं समजावून सांगितलं. चर काढून पाण्याला वाट द्यायची, जिप्सम घालायचं, शेणखत, लेंडीखत घालायचं, ताग पेरून गाडायचा, आणि पावसाच्या गोड पाण्यानं खार धुऊन जाऊ द्यायचा. “पण आधी ते पाणी बंद करा. ते चालू असेल तर बाकी सगळं फुकट. या पावसाच्या आत बंद केलंत तर अजून आशा आहे, पुढं अवघड होत जाईल.” “किती वर्षं लागतील?” त्यानं विचारलं. “ते नाही सांगता येत.” “वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत,” तो म्हणाला. तिनं बाटलीला बूच लावून त्याच्या हातात दिली.

ती बाटली तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. रोज सकाळी ब्रश करता करता तो बघायचा, निवळली का. सायली एकदा म्हणाली, “पप्पा, हा चहा कुणाचा राहिलाय?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत कॉलेजला गेली. तो महिनाभर ठरवत होता की आप्पांना सांगायचं. पण काय सांगायचं? आप्पा, तुमच्या लेकाच्या पाण्यानं तुमचं रान मारलं? आणि सोडलं कुणी ते पाणी, दिवस नाही पाहिला, रात्र नाही पाहिली, अंधारात साप-विंचवाची पर्वा न करता दांड फोडून पाण्याला दारं कुणी धरली? या माणसाजवळ सांगायला आयुष्यात एकच गोष्ट होती, ती काढून घेतल्यावर त्याच्या हातात काय ठेवायचं? सांगितलं नाही तर वावर जातं आणि सांगितलं तर आप्पा जातात, हे त्याला असं स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात तिसरी वाट नव्हती. मध्ये त्यानं एक पोरकट उद्योगही केला होता. गावी गेला असताना स्टार्टरच्या पेटीतली एक वायर हळूच काढून ठेवली आणि मोटर जळाली म्हणून सांगितलं. आप्पांनी संध्याकाळच्या आत वायरमन गाठला, वायर जोडून घेतली आणि फोन करून उलट त्यालाच धीर दिला, “नाय जळाली रं. काळजी करू नको, तुझं पाणी चालू हाय.” एवढं झाल्यावर माणसानं काय करावं?

तो अजून भिंतीसमोर बसलेलाच होता तेवढ्यात फोन वाजला. आप्पाच. ते फोनवर बोलत नसत, हाका मारत. “सांडूला सांगावा धाडला व्हता, आलाय बघ! मेंढरं बसवतोय थोरल्या वावरात. रानाला जरा खत मिळालं, की बघ कसं उठतंय. तू ये.” सुदर्शन म्हणाला, “आप्पा, मला जरा बोलायचं होतं तुमच्याशी. रानाबद्दल.” “मग ये की लेका! फोनवर काय रानाचं बोलायचं?” त्यानं बाटली कापडी पिशवीत घातली. आज सांगायचंच. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय, आता नाही तर कधी नाही. बाटली समोर धरायची, म्हणजे तोंडानं फार बोलावं लागणार नाही. सत्यशीला म्हणाली, “गावी निघालाच आहात तर उस्मानपुऱ्यात रंगवाल्याला विचारून जा या भिंतीचं.” गाडीवरून जाताना ऊन असं की डांबराचा वास नाकात बसत होता. रंगाच्या दुकानात म्हातारा मालक पंख्याखाली बसून होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “भाई, ये रंग का काम नै है. अंदर पानी चल रा ना, वो खार को ऊपर लाता. तुम पुट्टी मारो, प्रायमर मारो, कुछ बी मारो, वो फिर आता. पैले पानी बंद करो.” सुदर्शनला हसू आलं का रडू, त्यालाच कळलं नाही. दोन माणसं, एक मातीतली, एक रंगातली, आणि दोघांचं औषध एकच. “और पानी बंद नहीं हो सकता तो?” त्यानं विचारलं. म्हातारा हसला, समोरचे दात नसलेलं हसू. “तो फिर कपाट वापस लगा दो, और क्या.”

छावणी मागं पडली, मिटमिटा गेलं, किल्ल्याचा डोंगर उन्हात धुरकट दिसायला लागला, आणि सुदर्शन मनात वाक्यं जुळवत होता. आप्पा, जमिनीला थोडा आराम देऊ. नको, आराम म्हटलं की ते म्हणतील, पाणी हाच आराम. आप्पा, सरकारी माणसांनी सांगितलंय. मग तर ऐकणारच नाहीत. आप्पा, आई म्हणाली होती आठवतं का? इथं त्याचा हात ॲक्सिलेटरवर सैल झाला आणि मागच्या रिक्षावाल्यानं शिवी हासडली. आईचं नाव घ्यायचं? त्या एका शब्दासाठी जिला सगळ्या गावासमोर गप्प केलं, तिचा शब्द आता, इतक्या वर्षांनी, या म्हाताऱ्याच्या अंगावर टाकायचा? त्याला आठवलं, त्या दिवशी आईनं पदर तोंडाला लावताना एकदा त्याच्याकडं पाहिलं होतं. रागानं नाही. तू तरी एकदा पिऊन बघ, असं. आणि तो प्यायला होता. मचूळच होतं. पण आप्पा रडत होते, लोक नाचत होते, आणि सुदर्शन ओरडला होता, “गोड आहे, आप्पा!” त्या वेळी ते खोटं वाटलंसुद्धा नाही. आनंदच एवढा होता.

तो पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. वावरात पाय ठेवताच चपलेखाली पांढरा पापुद्रा करकरला. जाळी लागली होती, आत मेंढरं सोडलेली. आप्पा बांधावर बाजेवर बसले होते, डोक्यावर स्वच्छ पटका, आज खास बांधलेला. त्यांच्या पायाशी सांडू, आता पार वाकलेला, आणि पलीकडं तीन दगडांच्या चुलीवर कडूबाई काहीतरी हलवत होती. “आला का, ये ये,” आप्पा म्हणाले, “सांडू, वळखलंस का?” सांडू हसला. “न वळखायला काय झालं? माझ्या घोंगडीत झोपायचं की हे पोरगं. आता डोईचं केस पिकलं बघा, आप्पा, तुमच्याआधी.” सुदर्शन त्याच्या पाया पडला. वास तोच, लहानपणचा, लेंड्यांचा आणि लोकरीचा, आणि क्षणभर त्याला वाटलं, काही झालं नाही, सगळं होतं तिथं आहे. पण मग त्याच्या लक्षात आलं की काहीतरी ऐकू येत नाही. रवंथाचा तो एकसारखा आवाज नव्हता. एकही मेंढरू बसलं नव्हतं. सगळी माना खाली घालून उभी होती आणि जमीन चाटत होती. अधाशासारखी, एकमेकांना ढुशा देत, खरखर जीभ घासत, पांढरं दिसेल तिथं तोंड घालत.

“बघ!” आप्पा उठून उभे राहिले, आनंदानं त्यांचा आवाज चिरकला. “सुदर्शना, बघ रं, माती चाटतायत! असं कवा बघितलं व्हतंस का? माती चाटतायत म्हंजे काय? म्हंजे गोड झालं रान! ताकद आली त्याच्यात. मी म्हणत नव्हतो? काय, सांडू?” सांडूनं मेंढरांकडं पाहिलं, मग मान वळवून सुदर्शनकडं पाहिलं. जन्मभर मेंढरांना मिठाचे खडे चारलेला माणूस तो, त्याला काय सांगायचं. सुदर्शनला वाटलं, हा बोलला तर बरं, याच्या तोंडून निघू दे, मी सुटेन. सांडू मऊ आवाजात म्हणाला, “व्हय, आप्पा. लई आवडलंय त्यांला.” कडूबाईनं चुलीतली लाकडं उगीचच मागंपुढं केली.

सुदर्शननं पिशवीतून बाटली काढली. बाटलीतलं पाणी तसंच, महिना झाला तरी तसंच गढूळ. “आप्पा,” तो म्हणाला, “हे जरा बघा.” आप्पांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली, डोळे बारीक केले. “चहा आणलास व्हय? थंड झाला की रं. कडूबाई, तापव गं हा.” कडूबाई हसली. सुदर्शनलाही हसावं लागलं, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण सायलीही हेच म्हणाली होती आणि आप्पांना ते सांगून हसवता आलं असतं, एरवी. “चहा नाही, आप्पा. माती आहे. आपल्या वावराची. तपासून आणली मी.” आप्पांचा चेहरा एकदम लहान मुलाचा झाला. “तपासली? मग? काय म्हणाली माणसं?” ते वाट बघत राहिले. सांडूही वर बघायला लागला. सुदर्शनच्या जिभेवर सकाळची ती भिंतीची चव परत आली. “तिथल्या बाई म्हणाल्या...” तो थांबला. “त्या म्हणाल्या, पाण्यामुळं...” “पाण्यामुळंच!” आप्पांनी बाजेवर हात आपटला. “ऐकलंस का, सांडू? शहरातली शिकलेली माणसं काय म्हणतायत? पाण्यामुळंच म्हणतायत! आरं, हे रान हायच ह्याच्या पाण्यामुळं. नायतर मी खडी फोडत मेलो असतो, अन् ह्याला बी फोडायला लावली असती.” आणि असं म्हणून त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, सुदर्शनच्या समोर, दुसऱ्या माणसाच्या देखत, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात हलका होता, काही वजनच राहिलं नव्हतं त्याला. सुदर्शननं बाटली पिशवीत ठेवली.

एवढ्यात मेंढरं ओरडायला लागली. आधी एक, मग सगळीच. खार पोटात गेलेला, तहान लागणारच. ती जाळीला अंग घासत, मोटरीजवळच्या हौदाच्या बाजूला दाटी करत होती, आणि हौद कोरडा. “आरं आरं, तहानली बिचारी!” आप्पा कळवळले. तेवढ्यात खांबावरचा दिवा लागला. “लाईट बी आली बघ. देवच हाय. जा, सुदर्शना, चालू कर. मुकी जनावरं हायेत.” सुदर्शन जागचा हलला नाही. “आप्पा, हौदापुरतंच सोडू. वावरात नको सोडायला.” “का?” आप्पांनी विचारलं. रागावून नाही, नुसतं विचारलं. मेंढरं ओरडत होती. सांडू खाली बघत होता. सुदर्शन म्हणाला, “मेंढरं बसायची आहेत ना. ओलं होईल.” “जाळी वरच्या अंगाला हाय. खालच्या अंगाला जाऊ दे पाणी,” आप्पा म्हणाले, “जा.” तो स्टार्टरच्या पेटीपर्यंत गेला. हीच वायर त्यानं काढली होती. पेटीवर आप्पांनी कधीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं, ते अजून होतं. त्यानं हिरवं बटण दाबलं. खाली कुठंतरी, आईच्या आणि आप्पांच्या आणि त्याच्या तहानेच्याही खाली, मोटर घुमायला लागली आणि थोड्या वेळानं पाईपानं धाड धाड पाणी टाकायला सुरुवात केली. हौद भरला. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून प्यायला लागली, पिऊन झालेली परत चाटायला गेली. हौद वाहू लागला, पाणी दांडाला लागलं आणि दांडातून वावरात आलं. ते मुरलं नाही. वरच पसरत गेलं, पांढरं विरघळवत, आणि त्यात संध्याकाळचं आभाळ दिसायला लागलं.

आप्पा काठी टेकत पाईपापाशी आले. त्यांनी कडूबाईकडून पितळेचा पेला घेतला, पाण्याखाली धरला, आधी कपाळाला लावला. मग स्वतः न पिता सांडूला दिला. सांडूनं घटाघटा पिऊन तोंड पुसलं. “कसं हाय?” आप्पांनी विचारलं. “गोड हाय, आप्पा.” “माझ्या लेकाचं हाय.” मग परत पेला भरून तो त्यांनी सुदर्शनकडं केला. “घे. कवापासनं उन्हातनं आलायस, घोटभर पाणी नाय प्याला.” सुदर्शननं पेला घेतला. एक घोट प्यायला. तोंडात धरला. आईनं धरला होता तसाच. आता बोलायचं. एकच शब्द होता, आणि तो त्याचाही नव्हता, आईचा होता, इतकी वर्षं त्याच्यासाठी ठेवलेला. जिभेच्या टोकापर्यंत आलेला त्याला जाणवत होता. आप्पा त्याच्या तोंडाकडं बघत उभे होते, मान थोडी पुढं, पटक्याखालचे डोळे पाणावलेले, सगळ्या पाहुण्यांसमोर उभे राहायचे तसे. “कसं हाय?”

सुदर्शननं घोट गिळला.

“गोड हाय, आप्पा.”

“मंग राहू दे चालू,” आप्पा म्हणाले, “लाईट हाय तवर.”